संशयाचा फायदा कोणाला? परिकल्पना परीक्षणाची गोष्ट

वाणिज्य शाखेच्या मुलांना बिझनेस स्टॅटिस्टिक्स नावाचा एक पेपर असतो आणि त्यात साधारण शेवटाकडे एक प्रकरण असतं, परिकल्पना परीक्षण, म्हणजे हायपॉथिसिस टेस्टिंग. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. मी संख्याशास्त्राचा माणूस नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हे प्रकरण तत्त्वज्ञानाच्या वर्गात असायला हवं होतं, ते चुकून वाणिज्याच्या वर्गात गेलं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. आणि तिथे ते एखाद्या पाककृतीसारखं शिकवलं जातं, त्यामुळे त्यातला वादच हरवला.

आधी पाककृती बघू. एक बियाणं कंपनी म्हणते, आमच्या बियाण्याची उगवण ९० टक्के आहे. तुम्ही ४०० बिया घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. ३४८ उगवल्या. म्हणजे ८७ टक्के. आता ही ३ टक्क्यांची तूट नुसत्या योगायोगानं आली, की कंपनीचा दावाच खोटा? पुस्तक सांगतं, शून्य परिकल्पना मांडा: उगवण ९० टक्केच आहे. मग ०.९ गुणिले ०.१, भागिले ४००, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ०.०१५, म्हणजे दीड टक्का. ही प्रमाण त्रुटी. तूट ३ टक्के, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या दुप्पट. कोष्टकात ५ टक्के सार्थकता पातळीसमोर १.९६ लिहिलेलं असतं. २ हा १.९६ पेक्षा मोठा. परिकल्पना नाकारा. झालं गणित. पाच गुण.

सरासरीचंही तसंच. एक लिटरच्या तेलाच्या ३६ पिशव्या मोजल्या, सरासरी ९९६ मिलिलिटर भरली, प्रमाण विचलन १२. बारा भागिले सहा, प्रमाण त्रुटी २. तूट ४, पुन्हा दुप्पट, पुन्हा नाकारा.

आता यात मला दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे, प्रश्नात ५ टक्क्यांऐवजी १ टक्का पातळी दिली असती, तर कोष्टकातला आकडा २.५८ असता आणि त्याच बिया, तेच गोणपाट, तीच उगवण असूनही उत्तर उलटं आलं असतं. मग हा ५ कोणी ठरवला? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण सुरुवात कुठून केली? ‘कंपनी खरं बोलते’ इथून. म्हणजे संशयाचा फायदा कंपनीला दिला आणि पुराव्याचा भार शेतकऱ्यावर टाकला. शेतकऱ्यानं ४०० ऐवजी ४० च बिया लावल्या असत्या आणि त्यातल्या ३४ उगवल्या असत्या, म्हणजे ८५ टक्के, तर तूट जास्त असूनही गणित म्हणालं असतं, फरक सिद्ध होत नाही. कारण ४० बियांची प्रमाण त्रुटी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. पण कंपनीचा वकील मुद्दाम सांगणार नाही.

हे सगळं कुठून आलं ते पाहू.

सगळ्यात जुनं ठळक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. जॉन आर्बथनॉट हे राणी ॲनचे वैद्य. लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी त्यांनी घेतल्या, १६२९ ते १७१०, अशी ८२ वर्षं. प्रत्येक वर्षी मुलींपेक्षा मुलगे जास्त. आता मुलगा-मुलगी हा निव्वळ नाणेफेकीचा मामला असता, तर ८२ वेळा ओळीनं छापा पडण्याची शक्यता किती? एक भागिले २ चा ८२ वा घात. छेदात पंचवीस आकडी संख्या येते. तेव्हा हा योगायोग नाही, ही ईश्वरी योजना आहे, असं आर्बथनॉटनी जाहीर केलं. मुलगे युद्धात, समुद्रावर जास्त मरतात म्हणून देव ते जास्त पाठवतो.

गंमत बघा. पहिली पायरी अगदी चोख आहे. योगायोगाची परिकल्पना त्यांनी रीतसर पाडली. पण ती पडली म्हणून देवाची उभी राहिली, हे कुठून आलं? निकोलस बर्नुलीनं लगेच उत्तर दिलं की ५० ला ५० च्या ऐवजी १८ ला १७ असं प्रमाण धरा, सगळ्या नोंदी नीट बसतात. एक गृहीत पाडलं म्हणजे तुमचं आवडतं गृहीत सिद्ध होत नाही. ही चूक आजही रोज होते, फक्त देवाच्या जागी कोणाचं तरी औषध किंवा जाहिरात असते.

आपल्याकडच्या नैयायिकांनी याला वेगळी जागा दिली होती. धूर दिसला, म्हणून अग्नी आहे, हे अनुमान. ‘अग्नी नसता तर धूर नसता’ हा तर्क. आणि तर्क हे स्वतंत्र प्रमाण नाही, तो प्रमाणाला मदत करतो, शंका दूर करतो, एवढंच त्यांनी म्हटलं. परिकल्पना परीक्षण हा त्या तर्काचा पातळ केलेला प्रकार आहे. ‘परिकल्पना खरी असती तर असं दिसणं अशक्य’ असं इथे म्हणता येत नाही, ‘असं दिसणं दुर्मीळ’ एवढंच म्हणता येतं. अशक्य आणि दुर्मीळ यांच्यामध्ये जी फट आहे, त्या फटीत गेली शंभर वर्षं भांडणं चालली आहेत.

आता आपण एकदम दोनशे वर्षं पुढे येऊ, डब्लिनला, गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात. १८९९ साली तिथे विल्यम सीली गॉसेट नावाचा ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकलेला तरुण नोकरीला लागला. कारखान्याचे प्रश्न असे: या बार्लीपेक्षा ती बार्ली चांगली का? अशा प्रयोगात हजार शेतं लावता येत नाहीत. चार असतात, सहा असतात, फार तर दहा. तोपर्यंतचं सगळं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांचं होतं. लंडनला कार्ल पिअरसन हजारोंनी मोजमापं घ्यायचे, त्यांना लहान नमुन्याची अडचणच कळत नव्हती. गॉसेट १९०६-०७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला आणि त्यानं विचारलं, चारच निरीक्षणं असतील तर सरासरीवर विश्वास किती ठेवायचा?

त्यानं केलेला उद्योग सांगण्यासारखा आहे. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी, अशी मोजमापं उपलब्ध होती. त्यानं ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे पिसले, आणि चार-चारचे गट पाडले. ७५० नमुने. प्रत्येकाची सरासरी काढली, विचलन काढलं, आणि कागदावर बसवलेलं सूत्र या ढिगाशी जुळतं का, ते पडताळलं. संगणक नाही बरं का, सगळं हातानं. १९०८ साली ‘बायोमेट्रिका’त निबंध आला, पण त्यावर गॉसेटचं नाव नव्हतं. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावानं छापू देत नसे. म्हणून ‘स्टुडंट’. ज्याला आपण ‘टी-टेस्ट’ म्हणतो, स्टुडंटची टी-चाचणी, ती ही. नावातला स्टुडंट म्हणजे कोणी विद्यार्थी नाही, बिअर गाळणाऱ्या कारखान्यातला नोकर आहे. म्हणजे बिझनेस स्टॅटिस्टिक्स हे नाव खरं तर योग्यच आहे. सरासरीची चाचणी धंद्यातूनच जन्माला आली.

आणि धंद्यातल्या माणसाला ‘सत्य काय’ एवढाच प्रश्न नसतो. चुकलो तर किती पैसे जातील, हाही असतो. गॉसेट शेवटपर्यंत तसाच विचार करत राहिला. ठरीव ५ टक्क्यांचं त्याला कौतुक नव्हतं.

ते कौतुक आणलं रोनाल्ड फिशरनी. १९१९ पासून ते रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. १९२५ साली त्यांचं संशोधकांसाठीचं पुस्तक आलं आणि त्यात वीसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून त्यांनी सुचवली. सोयीची, एवढंच. दोन प्रमाण त्रुटींचा हिशोब डोक्यात करता येतो, हेही त्यामागे होतंच. पुढे १९५६ साली त्यांनीच लिहिलं की कोणताही शास्त्रज्ञ सगळ्या परिस्थितीत, वर्षानुवर्षं एकच ठरलेली पातळी धरून परिकल्पना नाकारत बसत नाही. पण तोवर उशीर झाला होता. सोयीचा आकडा शास्त्रवचन झाला होता.

‘शून्य परिकल्पना’ हा शब्दही फिशरचाच, १९३५ च्या पुस्तकातला. तिथे ती प्रसिद्ध चहाची गोष्ट आहे. एक बाई म्हणतात, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून ओळखते. फिशर म्हणतात, आठ कप करा, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आठातून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत. नुसत्या अंदाजानं चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. हे दुर्मीळ आहे, आपण प्रभावित होऊ. पण तीन बरोबर, एक चूक? तितकं किंवा त्याहून चांगलं जमण्याची शक्यता ७० मध्ये १७, जवळजवळ चोवीस टक्के. त्यावर काही म्हणता येत नाही. आणि फिशरचा आग्रह असा की शून्य परिकल्पना कधीच सिद्ध होत नाही. ती खोडली जाऊ शकते, नाही तर नुसती उभी राहते. आपण गप्प बसायचं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण शिकलेली माणसंही यात फसतात. पी-व्हॅल्यू ५ टक्के आली म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता ५ टक्के, असं नव्हे. परिकल्पना खरी आहे असं धरलं, तर इतकी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याची शक्यता ५ टक्के. पाऊस पडला तर छत्र्या दिसतात हे एक, आणि छत्र्या दिसल्या म्हणजे पाऊस पडला हे दुसरं. उन्हाळ्यातही लोक छत्र्या घेतात. केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी यावरच बोट ठेवलं होतं: जे घडलंच नाही अशा ‘याहून मोठ्या’ तफावतींच्या हिशोबावरून परिकल्पनेला दोषी धरणं हा कुठला न्याय? या जेफ्रीजचे विद्यार्थी कोल्हापूरचे वसंत शंकर हुजुरबाजार, ज्यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. तो धागा स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, आज सोडून देतो.

फिशरच्या मांडणीत एक जागा रिकामी होती, आणि ती पुन्हा त्या बिअरवाल्यानंच दाखवली. १९२६ साली कार्ल पिअरसनांचा मुलगा एगॉन यानं गॉसेटला पत्र लिहून विचारलं की नमुना दुर्मीळ निघाला एवढ्यावरून परिकल्पना नाकारायची तर्कशुद्ध कारणं काय. गॉसेटचं उत्तर साधारण असं: नुसतं दुर्मीळ असणं काहीच सिद्ध करत नाही. ज्यातून हाच नमुना जास्त सहज समजतो अशी दुसरी एखादी परिकल्पना समोर असेल, तरच तुम्ही पहिली सोडण्याकडे झुकता. म्हणजे एकटी शून्य परिकल्पना पुरत नाही, समोर प्रतिपक्ष हवा. आपल्या परंपरेत पूर्वपक्षाशिवाय सिद्धान्त नसतो, तसंच हे.

एगॉन पिअरसन आणि पोलंडहून आलेले येर्झी नेमन या दोघांनी यावर काम केलं. १९२८ चे निबंध, मग १९३३ चा मोठा निबंध. त्यांनी सांगितलं, निर्णय घेणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. खरी परिकल्पना नाकारणं, ही पहिली. खोटी परिकल्पना न नाकारणं, ही दुसरी. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, असं आपण म्हणतो, तेव्हा आपण पहिली चूक जवळजवळ शून्यावर आणतो आणि दुसरी बेलाशक वाढू देतो. नमुना तेवढाच ठेवून दोन्ही एकदम कमी करता येत नाहीत. एक दाबली की दुसरी वर येते. मग कोणती किती सोसायची? हे गणित सांगत नाही. ज्याचं नुकसान होणार आहे त्याला विचारून ठरवावं लागतं.

मला विचाराल तर गेल्या शतकातल्या नीतिशास्त्राच्या बऱ्याच जाड ग्रंथांपेक्षा या एका मुद्द्यात जास्त नीतिशास्त्र आहे.

फिशरना हे अजिबात पटलं नाही. नेमन म्हणत, चाचणी म्हणजे वागण्याचा नियम आहे. या नियमानं वर्षानुवर्षं वागलात तर अमुक इतक्या वेळाच चुकाल. फिशर म्हणत, मी शास्त्रज्ञ आहे, मला या एका प्रयोगातून काय शिकायचं ते शिकायचं आहे, मला कारखान्यातला माल पास-नापास करायचा नाही. १९५५ च्या लेखात तर त्यांनी या विचारसरणीचं नातं रशियातल्या पंचवार्षिक योजनांशी आणि अमेरिकेतल्या अवाढव्य यंत्रणांशी जोडलं. कार्ल पिअरसन १९३३ साली निवृत्त झाले तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं त्यांच्या विभागाचे दोन तुकडे केले, एक फिशरना, एक एगॉनना. पुढे नेमनही एगॉनकडे आले. इमारत एकच. चहाची खोली एकच. पण दोन्ही गटांच्या चहाच्या वेळा वेगळ्या, म्हणजे एकमेकांचं तोंड बघायला नको. चहावरून सिद्धान्त मांडणाऱ्या माणसाच्या नशिबी हे यावं!

त्या काळात त्या इमारतीत एक मराठी तरुण होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातलं बुध हे त्यांचं गाव, जन्म १९११, शिक्षण फर्ग्युसनला. १९३६ साली त्यांनी तिथे पीएच.डी. मिळवली. नेमन आणि एगॉन पिअरसन यांच्या हाताखाली ते शिकले, नेमनची नमुना-सर्वेक्षणाची मांडणी त्यांनी पुढे नेली. पण १९३८ साली ‘संख्या’मध्ये त्यांनी जो निबंध लिहिला तो फिशरच्या बाजूच्या चाचणीवर: दोन गटांचं विचलन सारखं नसेल तर त्यांच्या सरासरींमधला फरक कसा तपासायचा. त्यासाठीची सुखात्मेंची कोष्टकं फिशर आणि येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टक-संग्रहात गेली. नेमनपंथीयांना जे कोष्टक मान्य नव्हतं, ते नेमनच्या विद्यार्थ्यानं तयार केलं. माणूस कोणत्याही एका छावणीचा नव्हता, एवढंच मी यावरून समजतो.

इकडे पाठ्यपुस्तकांनी काय केलं? दोन्ही छावण्यांचं सामान एका पिशवीत भरलं. फिशरची शून्य परिकल्पना, फिशरचा ५ टक्के, नेमनची पर्यायी परिकल्पना, नेमनच्या दोन चुका. वर लेबल लावलं: ‘परिकल्पना परीक्षण, पायऱ्या सात’. भांडणाऱ्या दोघांचीही नावं काढून टाकली. म्हणून विद्यार्थ्याला वाटतं की हे पायथागोरसच्या प्रमेयासारखं काहीतरी ठरलेलं आहे.

ते ठरलेलं नाही, हे पुण्यात फार ठळकपणे दिसलं. त्याकडे आता येतो, आणि इथे जरा थांबणार आहे.

१९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास दोन भागांत आला. दांडेकर तेव्हा गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. त्यांनी निकष धरला, दरडोई दररोज २२५० कॅलरी. एवढं अन्न मिळवून देणारा खर्च किती, तो काढला: १९६०-६१ च्या भावानं ग्रामीण भागात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. आणि निष्कर्ष असा की खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक याच्या खाली आहेत. आकडा देशभर गाजला.

सुखात्मे तोपर्यंत जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत, रोमला, जवळजवळ वीस वर्षं संख्याशास्त्राचं काम पाहून पुण्यात परतले होते. त्यांनी या पद्धतीवरच हरकत घेतली. २२५० ही सरासरी गरज आहे ना? मग सरासरी म्हणजे काय? धडधाकट, पोटभर जेवणारी माणसं घेतली तरी त्यातल्या अर्ध्यांची गरज सरासरीपेक्षा कमीच असणार. सरासरीलाच रेषा मानलंत, तर उपाशी कोणी नसलेल्या गावातही निम्मे लोक उपाशी ठरतील. त्यांचं म्हणणं, गरजेचं प्रमाण विचलन सरासरीच्या साधारण १५ टक्के आहे. तेव्हा सरासरीतून दोन विचलनं वजा करा, म्हणजे सरासरीच्या ७० टक्के. त्याखाली जो खातो त्यालाच कुपोषित म्हणा. असं केलं की आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

ओळखीचं वाटतं ना? सरासरी वजा दोन प्रमाण विचलनं. गोणपाटातल्या बियांचं जे गणित, तेच. शून्य परिकल्पना: हा माणूस नीट जेवतो आहे. ती खरी असूनही तो या रेषेखाली सापडण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तो खाली सापडला तरच परिकल्पना नाकारा. सुखात्मेंनी स्वतःच उत्पादनातल्या गुणवत्ता-नियंत्रणाची भाषा वापरली होती: शरीर ही ‘नियंत्रणात’ असलेली प्रक्रिया आहे, चढ-उतार होणारच, मर्यादा ओलांडली तरच काहीतरी बिघडलंय म्हणायचं.

आता आकडे घालून बघा. मध्यम कष्टाच्या पुरुषाची सरासरी गरज २८०० कॅलरी धरली, तर विचलन ४२०, दोन विचलनं ८४०, आणि रेषा येते १९६० वर. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या एखाद्या हमालाची स्वतःची गरज ३२०० आहे असं समजा, आणि त्याला मिळतात २२००. रोज हजार कॅलरींची तूट. पण २२०० हे १९६० च्या वर आहेत. चाचणी म्हणते, परिकल्पना नाकारायला पुरावा नाही. हा माणूस नीट जेवतो आहे.

ही दुसऱ्या प्रकारची चूक. सरासरीला रेषा धरली तर पहिल्या प्रकारची चूक पन्नास टक्के होते, सुखात्मे म्हणाले ते अगदी बरोबर. पण रेषा दोन विचलनं खाली नेली की पहिली चूक जवळजवळ संपते आणि दुसरी फुगते. दांडेकरांनी १९८२ साली कुपोषणाच्या मोजमापावर जे उत्तर लिहिलं, त्याचा गाभा मी असा समजतो: तुमच्या रेषेखाली जे येतात ते जवळजवळ खात्रीनं उपाशी आहेत, ठीक. पण रेषेच्या वर असलेल्यांमध्येही उपाशी आहेत, त्यांना तुम्ही मोजलंच नाही.

सुखात्मेंकडे यावर आणखी एक उत्तर होतं. ते म्हणत, ‘या माणसाची गरज ३२००’ असं कायमचं काही नसतंच. एकच माणूस, तेच काम, तरी आठवड्या-आठवड्याला कमी-जास्त खातो आणि शरीर स्वतःला सांभाळून घेतं. यासाठी त्यांनी ब्रिटिश लष्करातल्या तरुण जवानांच्या आहाराची आकडेवारी वापरली, आणि अमेरिकेतल्या शेल्डन मार्जेन यांच्याबरोबर निबंध लिहिले. यावर आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप होता की शरीर जुळवून घेतं हे खरं, पण त्याची किंमत देऊन घेतं. मूल खुजं राहतं, मोठा माणूस काम कमी करतो. आणि साधी गोष्ट आहे, लष्करी बराकीतला जवान कधी कमी खातो तेव्हा ताटात अन्न असतं. हमाल कमी खातो तेव्हा नसतं. दोघांच्या आकड्यांतला चढ-उतार कागदावर सारखा दिसेल, त्याची कारणं सारखी नाहीत. शिवाय नॅशनल सॅम्पल सर्व्हेचे आकडे कुटुंबाचे असतात, माणसाचे नसतात. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय पडलं ते त्यात दिसत नाही.

या वादात सुखात्मेंना गरिबांचे वैरी ठरवणारे लोक होते, तो अन्याय होता. याच माणसानं १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की पीक कापणी प्रयोगात फार लहान तुकडे घेतले तर उत्पन्न फुगवून दिसतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात. पी. सी. महालनोबिसांसारख्या बड्या माणसाच्या पद्धतीशी त्यांनी तेव्हा वाद घातला. नमुना कितीही मोठा करा, मापच वाकडं असेल तर चाचणी ते पकडत नाही, हा मुद्दा तेव्हाही त्यांचाच होता. भुकेच्या आकड्यांबाबतही ते प्रामाणिकपणे म्हणत होते की फुगवलेल्या आकड्यानं कार्यक्रम पसरट होतो आणि जो खरोखर तळाशी आहे त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. कॅलरीपेक्षा स्वच्छ पाण्याकडे बघा, जंतांमुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, असंही ते सांगत.

आणि दांडेकर? तेही मुळात संख्याशास्त्रज्ञच. दोन प्रमाणांची तुलना करणाऱ्या दोन-बाय-दोनच्या तक्त्यासाठी त्यांनी सुचवलेली दुरुस्ती सी. आर. राव यांच्या ग्रंथात त्यांच्या नावानं आहे. म्हणजे बघा, एकानं दोन सरासरींच्या चाचणीची कोष्टकं केली, दुसऱ्यानं दोन प्रमाणांच्या चाचणीत दुरुस्ती केली. दोघंही पुण्यात. गणित दोघांनाही पाठ. वाद बेरीज-वजाबाकीचा नव्हताच. शून्य परिकल्पना कोणती धरायची, याचा होता. ‘हा माणूस नीट जेवतो, नाही असं सिद्ध करा’ असं म्हणून सुरुवात करायची, की ‘हा माणूस उपाशी आहे, नाही असं सिद्ध करा’ असं म्हणून? फाशीच्या खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला देतात, कारण चुकून फाशी दिली तर परत घेता येत नाही. रेशनच्या यादीत चुकून एक पोट भरलेला माणूस आला तर काय जातं, आणि चुकून एक उपाशी माणूस गळला तर काय जातं? माझा कौल मी लपवत नाही. मला इथे दांडेकरांची बाजू जवळची वाटते. पण सुखात्मेंचा प्रश्न टाळून ती बाजू घेणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही.

दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे १९९७ साली. वाद त्यांच्याबरोबर गेला नाही. जागतिक अन्न आणि कृषी संघटना दरवर्षी कुपोषितांचं जे प्रमाण जाहीर करते, त्यात आहाराच्या वाटपाचा आलेख आणि किमान ऊर्जागरजेची रेषा यांचा वापर होतो, आणि त्या पद्धतीचं मूळ सुखात्मेंच्या १९६१ च्या मांडणीपर्यंत जातं. तेच प्रमाण पुढे जागतिक भूक निर्देशांकात एक घटक म्हणून घेतात, ज्याच्यावरून आपल्याकडे दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास वर्तमानपत्रांत वादंग होतो. रेषा कुठे मारली आहे आणि तिच्या वरच्या लोकांचं काय गृहीत धरलं आहे, हे त्या बातम्यांत सहसा नसतं.

बराच वेळ झाला. आता प्रश्न घेऊ या.